दुधाची पिशवी ओली की सुकी?

प्रश्न : मागाच्या घरची सून

आमचे घर बेळगावच्या वडगाव भागात आहे. घरात सात माणसे असून मागच्या खोलीत दोन यंत्रमाग चालतात, त्यामुळे स्वयंपाकघरातील कचऱ्यात सुताच्या गुंत्यांची आणि तेलकट चिंध्यांची रोज भर पडते. सकाळी कचऱ्याची गाडी आली की पौरकार्मिक (महापालिकेच्या सफाई कामगार) बाई ‘हसी कस’ आणि ‘ओण कस’ वेगवेगळे मागतात. म्हणजे ओला आणि सुका, एवढे घरात सगळ्यांना समजते. घोटाळा त्यापुढे होतो. माझ्या सासूबाईंचे म्हणणे असे की, धुतलेली दुधाची पिशवी पाण्याने निथळत असताना तिला सुकी म्हणायचे आणि खडखडीत वाळलेल्या देवाच्या हाराला ओला म्हणायचे, हा कुठला न्याय? त्यांना पटेल असे उत्तर माझ्याकडे नाही.

त्यात डब्यांच्या रंगांचा गोंधळ आहे. बंगळूरला राहणारी नणंद ‘दोन डबे, एक पिशवी’ असे सांगते आणि तिच्या घरी सॅनिटरी पॅडसाठी लाल डबा आहे. कोल्हापूरची बहीण हिरवा आणि निळा असे दोनच रंग सांगते. शिवाय आम्ही पूर्वी ज्या गावी भाड्याने राहत होतो तेथे आम्ही वेगळा करून दिलेला कचरा गाडीत एकत्रच ओतला जात असे, त्यामुळे यजमानांचा या सगळ्यावरचा विश्वास उडाला आहे. कोणता पदार्थ कोठे टाकावा आणि पुढे सगळे एकत्र होण्याची शक्यता असेल तर काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : टिळकवाडी, निवृत्त शिक्षक

ताई, आपल्या सासूबाईंची शंका अगदी रास्त आहे आणि दोष त्यांचा नसून शब्दांचा आहे. ‘ओला’ आणि ‘सुका’ या शब्दांचा पाण्याशी काहीही संबंध नाही. जे कुजते ते ओले आणि जे कुजत नाही, पण पुन्हा वापरात येऊ शकते, ते सुके, एवढाच त्याचा अर्थ आहे. कन्नडमधील ‘हसी’ हा शब्दही तीच चूक करतो, त्यामुळे भाषा बदलून सुटका होत नाही. सासूबाईंना ‘उकिरड्यावर टाकले तर याचे खत होईल का?’ एवढाच प्रश्न विचारायला सांगावे. ज्यांनी लहानपणी परड्यातील उकिरडा पाहिला आहे त्यांना पुढचे कोणी शिकवावे लागत नाही. वाळलेला हार, अंड्याचे कवच, चहाचा चोथा, मटणाची हाडे हे सारे या कसोटीने ओल्यात जाते. मात्र हारातील दोरा आणि चमकीचा कागद आधी काढावा लागतो. नारळाची करवंटीही कुजते, पण तिला इतका काळ लागतो की ती वेगळी साठवून बंबात जाळणे किंवा गाडीवाल्यांना स्वतंत्र देणे अधिक सोयीचे ठरते.

रंगांविषयी सांगायचे तर आपल्या नणंदबाई आणि भगिनी दोघींचेही खरे आहे. बंगळूरमध्ये डिसेंबर 2015 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ‘दोन डबे, एक पिशवी’ ही पद्धत बंधनकारक केली. तीत ओल्यासाठी हिरवा डबा, सॅनिटरी आणि टाकाऊ कचऱ्यासाठी लाल डबा आणि सुक्यासाठी पिशवी असते. स्वच्छ भारत अभियानातून देशभर परिचित झालेली जोडी मात्र हिरव्या आणि निळ्या डब्यांची आहे. केंद्राच्या 2016 च्या घनकचरा नियमांनी घरातच तीन भाग करण्यास सांगितले होते, तर 1 एप्रिल 2026 पासून लागू होणाऱ्या नव्या नियमांनुसार चार भाग होतात : ओला, सुका, सॅनिटरी, आणि औषधे, बल्ब, रंगाचे डबे यांसारखा विशेष काळजीचा कचरा. रंगावरून वाद घालण्यात अर्थ नाही. घरात जुने डबे असतील तर त्यांवर मराठीत नाव लिहून चिकटवावे. गाडीवाले आपल्या स्वयंपाकघरात येऊन रंग तपासत नाहीत.

उत्तर : भंगार व्यवसाय, शहापूर

वरील गुरुजींनी तत्त्व सांगितले. मी व्यवहार सांगतो. वस्तूला भाव मिळतो की नाही हे ती स्वच्छ आणि एकजिनसी आहे का, यावर ठरते. दुधाची पिशवी पॉलिथिनची असते आणि ती धुऊन वाळवलेली असेल तर चालते. न धुतलेल्या पिशव्या दोन दिवसांत इतका वास सोडतात की त्यांच्यामुळे पोत्यातील बाकीचा मालही कोणी हातात घेत नाही. एक विनंती आहे : पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण तोडू नये, त्याला पिशवीलाच लोंबू द्यावे. तो नखाएवढा तुकडा कोणाच्याही हाती लागत नाही आणि थेट गटारीत जातो.

पाण्याच्या बाटल्या रिकाम्या करून चेपाव्यात. वेफर्स आणि बिस्किटांच्या चकचकीत वेष्टनात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम यांचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. ते सुटे करणे परवडत नसल्यामुळे आम्ही ती वेष्टने विकत घेत नाही. तरीही ती सुक्यातच टाकावीत, कारण असा माल सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून वापरता येतो. फळांच्या रसाच्या खोक्यात बहुतांश पुठ्ठा असला तरी आत प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचा थर असतो, त्यामुळे ते रद्दीत मिसळू नये. चहाचा कागदी कप दिसतो कागदाचा, पण त्याला आतून प्लास्टिकचा लेप असतो. भजी बांधून आणलेला तेलकट कागद रद्दीत जात नाही. तो फाडून ओल्यात टाकावा. दुकानातील गुळगुळीत पावती, जिच्यावर नखाने ओढले की काळी रेघ उमटते, तीही रद्दीत नको. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून वर खूण करून द्यावी. हे मी आमच्याकडील माणसांचे हात पाहून सांगतो आहे.

मागाच्या कचऱ्याविषयी मात्र थोडे सविस्तर सांगावे लागेल. सूत गुंडाळण्याचे पुठ्ठ्याचे कोन वेगळे ठेवावेत, ते पुठ्ठ्याच्या भावात जातात. शुद्ध सुताचे गुंते गॅरेजवाले यंत्रे पुसण्यासाठी घेतात. त्यात पॉलिस्टरचा धागा मिसळला की ते तेल नीट शोषत नाहीत आणि त्यांचे खतही होत नाही, म्हणून मागाजवळच दोन पोती टांगून सूत आणि पॉलिस्टर वेगळे करावे. एकदा गुंता झाल्यावर ते वेगळे करण्यास कोणीही बसत नाही. वंगणाने भिजलेल्या चिंध्या या दोन्हींत टाकू नयेत. त्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात, कारण त्यांना आग चटकन लागते.

गाडीत सगळे एकत्र होण्याच्या प्रश्नावर माझा उपाय साधा आहे. ओला कचरा थांबत नाही, सुका थांबतो. ओला रोज गाडीला द्यावा आणि सुका सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात भरून आठवड्याने किंवा पंधरवड्याने द्यावा, मग तो गाडीला द्या नाहीतर आमच्यासारख्या दुकानाला. दोन्ही एकाच वेळी घराबाहेर पडलेच नाहीत तर ते मिसळण्याचा प्रसंगच येत नाही. फक्त जून ते सप्टेंबर पोते पन्हाळीखाली न ठेवता आत ठेवावे; आपल्याकडील पावसात भिजलेल्या रद्दीचा लगदा होतो आणि मग ती फुकटही कोणी उचलत नाही.

उत्तर : खानापूर रस्ता

वरील उत्तरात बंबाचा उल्लेख आला म्हणून लिहितो. आपल्या भागातील बऱ्याच घरांत अजूनही न्हाणीतील बंब पेटवताना दुधाची पिशवी किंवा प्लास्टिकचा कागद खाली घालतात, कारण लाकडे ओली असली की तो पटकन पेट घेतो. ही सवय आमच्याही घरी होती. प्लास्टिकचा धूर कोंदट न्हाणीत घरातील माणसांच्याच छातीत जातो, आणि पीव्हीसीसारखे प्लास्टिक जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ आणि डायऑक्सिनसारखी विषारी द्रव्ये बाहेर पडतात. सिमेंटच्या भट्टीत सुमारे 1400 अंश सेल्सिअस तापमान असते. तिची आणि आपल्या बंबाची तुलना होऊ शकत नाही. त्याऐवजी नारळाची शेंडी वापरावी. बंबातील राख देताना ती पूर्ण विझली आहे ना, हे पाहावे. निखाऱ्यामुळे गाडीतील कचरा पेटू शकतो.

परडे असेल तर ओला कचरा गाडीला देण्याचीही गरज नाही. भोके पाडलेल्या पिंपात कचऱ्याचा एक थर आणि वाळलेल्या पाल्याचा त्याहून जाड थर असे देत जावे आणि अधूनमधून थोडे आंबट ताक शिंपडावे. अळ्या दिसल्या किंवा वास आला, तर पाणी जास्त आणि पाला कमी झाला असे समजावे. पावसाळ्यासाठी मी वैशाखातच पाल्याची चार पोती भरून ठेवतो. आषाढात कोरडा पाला कोठेच मिळत नाही.

उत्तर : निपाणीकर

आमच्याकडे घरोघरी विड्या वळल्या जातात. तेंदूपानांची कात्रणे पाल्याऐवजी पिंपात उत्तम चालतात. मात्र तंबाखूची भुकटी त्यात पडू देऊ नये. ती कीटकनाशकासारखी काम करते आणि पिंपात गांडुळे सोडली असतील तर तीही मरतात.

मागाच्या घरची सून

सर्वांचे मनापासून आभार. ‘उकिरड्यावर टाकले तर खत होईल का’ ही कसोटी सासूबाईंना इतकी पटली की, आता त्याच आमच्यावर देखरेख करतात आणि काल त्यांनी यजमानांनी ओल्या डब्यात टाकलेली शाम्पूची पुडी परत काढायला लावली. मागाजवळ दोन पोती टांगली आहेत. पॉलिस्टरचे लवकर भरते, सुताचे अजून अर्धेच आहे. एक शंका राहिली : माळ्यावर जुन्या ट्यूबलाइटच्या चार कांड्या आणि ताप मोजण्याची पाऱ्याची नळी पडून आहे. त्या सुक्यात द्याव्यात का?

उत्तर : टिळकवाडी, निवृत्त शिक्षक

नाही ताई. दोन्हींत पारा असतो, त्यामुळे त्या न फोडता ज्या खोक्यातून आल्या तसल्याच खोक्यात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळ्या द्याव्यात आणि पौरकार्मिक बाईंना तोंडी सांगावे. नळी यापूर्वीच तडकली असेल तर ती झाडूने गोळा करू नये. खिडक्या उघडून, पाऱ्याचे थेंब जाड कागदाच्या कडेने एकत्र करून झाकणाच्या बाटलीत भरावेत. मुलांना त्या वेळी खोलीबाहेर ठेवावे, कारण पाऱ्याचे गोळे पाहिले की मुलांना ते हातात घेण्याचा मोह होतोच.