एक्स-रे स्वच्छ असला तरी दावा संपत नाही

‘एक्स-रेमध्ये काही दिसत नाही, मग दावा टिकणार कसा?’ ही शंका अपघातातील दुखापतीच्या भरपाईचा दावा करताना येते; तिच्याबद्दल थोडे सांगतो. दुखापत बरी झाल्यावरही मागे राहणाऱ्या सीआरपीएससारख्या (हात किंवा पाय दीर्घकाळ तीव्र दुखत राहण्याच्या) विकाराचे निदान बुडापेस्ट निकषांनुसार, म्हणजे मुख्यतः लक्षणे आणि प्रत्यक्ष तपासणी यांवरून होते; त्यामुळे दुखऱ्या हाताचा बदललेला रंग, सूज, घाम किंवा दोन्ही हातांच्या तापमानातील फरक डॉक्टरांनी प्रत्येक भेटीत तारखेसह नोंदवून घेणे अत्यंत महत्त्वाचे आहे. अशी सूज कमीजास्त होत राहते, म्हणून ती दिसताच छायाचित्र काढावे. विरुद्ध पक्ष अपघात आणि वेदना यांच्यातील कार्यकारणसंबंधावरच बोट ठेवतो. दावा दाखल करण्याच्या मुदतीच्या कायद्याबाबत वकिलांना आधीच विचारावे, आणि प्रकृती स्थिरावण्यापूर्वी अंतिम तडजोडीवर सही कृपया करू नये. पुढील उपचारांचा खर्च नंतर सहसा मागता येत नाही.