माजी विद्यार्थिनींनी जमवलेला पैसा विद्यापीठाच्याच खात्यात टाकायचा का? सल्ला पाहिजे

दारव्ह्याची ताई

नमस्कार. थोडं लांब होईल पण पूर्ण वाचा प्लीज.

आमचं कॉलेज मुलींचं आहे, विद्यापीठच चालवते ते, नाव इथं टाकत नाही. आम्ही जुन्या पोरींनी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप केला आणि त्यातून दरवर्षी होस्टेलच्या मुलींसाठी पैसे जमवतो. ग्रुपमध्ये अंगणवाडी सेविका आहेत, झेडपीच्या मॅडम आहेत, एकदोघी पुण्याला आयटीत आहेत, पण जास्त बाया शेतीवाल्याच. त्यांचे पैसे कापसाचा चुकारा झाला की येतात, कोणी 200 कोणी 500, आणि घरात कोणाला न मागता स्वतःच्या हातचे देतात, मला त्याचं फार मोल वाटते. फी तर स्कॉलरशिपमधून निघते हो, पण मेसचे पैसे, येण्याजाण्याचा खर्च यातच पोरगी अडकते, दुसऱ्या वर्षी घरी बसते आणि तुळशीचं लग्न झालं की तिच्यासाठी पाहुणे यायला लागतात.

आता विद्यापीठाचं पत्र आलं. म्हणते कॉलेजच्या नावानं बाहेर कोणी निधी गोळा करायचा नाही, सगळं विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी कक्षाच्या खात्यात भरा, आणि देणगीदारांची यादी फोन नंबरसकट द्या. मागे आम्ही होस्टेलच्या बाथरूमसाठी म्हणून चेक दिला होता, पावती आली विकास निधीची. बाथरूम अजून तसेच आहेत, एका दरवाजाला कडी नाही. विचारलं तर उत्तर काय, की निधी एकत्र असते आणि प्राधान्यानुसार खर्च होते. मुलींच्या बाथरूमची कडी कोणत्या नंबरवर येते त्या प्राधान्यात?

आणि यादीचं सांगते. लग्नानंतर आडनाव बदलते, गाव बदलते, कित्येकींचं तर पहिलं नावही सासरी बदललेलं. कॉलेजच्या रजिस्टरात माहेरचं नाव, आधारवर दुसरंच. माहेरी जाऊन भावाला, वहिनीला, शेजारणीला विचारून एकेक बाई शोधली आम्ही. तिनं नंबर मैत्रिणीला दिला, ऑफिसला नाही दिला. प्राचार्य मॅडम चांगल्या आहेत पण त्यांच्या हातात काही नाही. आमचं मंडळ रजिस्टर नाही अजून, पैसे दोघींच्या जॉइंट खात्यात राहतात. विद्यापीठ आम्हाला थांबवू शकते का, आणि यादी द्यावीच लागते का?

---

काळा कोट वणी

ताई, पहिले जॉइंट खातं बंद करायच्या मागे लागा. तुमच्या मनात काही नाही हे मला समजते, पण ट्रस्ट नसताना धर्मादाय कामासाठी लोकांकडून वर्गणी घ्यायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 च्या कलम 41क खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते, गणपती मंडळं घेतात तीच. उद्या कोणी तक्रार केली तर मुद्दा बाथरूमचा राहणार नाही, तुमच्या खात्याचा होईल.

सात जणी मिळून संस्था नोंदणी अधिनियम 1860 खाली मंडळ नोंदवा, मग 1950 च्या कायद्याखाली त्याच कार्यालयात नोंद होते. पॅन काढा, मंडळाच्या नावानं खातं काढा. पुण्यावाल्यांना टॅक्सचा फायदा पाहिजे असेल तर मंडळाला 80जी ची, म्हणजे देणगीवर टॅक्स सवलतीची, मान्यता घ्या, पण जुन्या टॅक्स पद्धतीवाल्यांनाच तो मिळतो आणि 2000 च्या वर रोख दिली तर मिळतच नाही. कापूसवाल्या बायांचा त्याच्याशी संबंध नाही, त्यांना पावती द्या, बस.

कॉलेजचं नाव आणि लोगो वापरू नका म्हणायचा हक्क विद्यापीठाला आहे असं मला वाटते. पण तुम्ही स्वतःच्या मंडळाच्या नावानं मुलींना मदत करता, ती कशी काय थांबवतील? आणि नंबर देऊ नका. एकेकीला विचारा, हो म्हणेल तिचाच द्या.

---

निवृत्त, लेखा विभाग

मी एका विद्यापीठात बरेच वर्ष हिशोबाच्या टेबलावर होतो म्हणून दुसरी बाजूही सांगतो, राग मानू नका. कॉलेजच्या नावानं कोणीही पावतीपुस्तक छापून पैसे गोळा करते असे प्रकार होतात आणि मग जबाब विद्यापीठाला द्यावा लागतो, ऑडिटवाला आम्हाला विचारते. पत्र काढण्यामागे हे पण कारण असू शकते.

पण बाथरूमचा चेक विकास निधीत गेला हे चूकच. चेकसोबत पत्र दिलं होतं का, त्यात होस्टेलच्या बाथरूमसाठी असं स्पष्ट लिहिलं होतं का? तसं असेल तर तो विशिष्ट कामाचा निधी झाला, वेगळ्या लेखाशीर्षात ठेवायला पाहिजे, दुसरीकडे वळवता येत नाही. नुसता चेक असेल तर सर्वसाधारण निधीत जाते, तिथून परत निघणं कठीण.

---

दारव्ह्याची ताई

काका, पत्र दिलं होतं, आवक शिक्क्याची झेरॉक्स आमच्या खजिनदार ताईकडे आहे. तारीख, उद्देश, सगळं आहे त्यात.

---

निवृत्त, लेखा विभाग

मग तुमचं काम सोपं आहे. विद्यापीठ सार्वजनिक प्राधिकरण आहे, माहिती अधिकारात अर्ज टाका, 10 रुपये फी, 30 दिवसात उत्तर द्यावं लागते. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, म्हणून गाऱ्हाणं लिहित बसू नका. अमुक तारखेच्या पत्रानं दिलेली रक्कम कोणत्या लेखाशीर्षात जमा आहे आणि कशावर खर्च झाली, तेवढंच विचारा. उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

अजून एक करा. कॉलेजच्या वेबसाइटवर नॅकचा, म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेसाठीचा, स्वयंमूल्यमापन अहवाल पाहा, पाचव्या निकषात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा मुद्दा असते, त्यात संघटनेनं पैशानं आणि बाकी मार्गानं काय मदत केली ते दाखवावं लागते. तुमचे पैसे तिथं दाखवले असतील तर बाहेरच्या बाया म्हणून कोणी तुम्हाला बाजूला सारू शकत नाही.

---

पुसदची लेक, न्यू जर्सी

ताई तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. मी राहते तिथं जवळच असंच झालंय. रटगर्स विद्यापीठाचं डग्लस कॉलेज, 1918 मध्ये मुलींसाठी सुरू झालं, 2007 मध्ये त्याचं स्वतंत्र कॉलेजपण जाऊन ते निवासी कॉलेज झालं. जुन्या विद्यार्थिनींची संघटना वेगळी होती आणि निधी ती स्वतः जमवायची, विद्यापीठाला तो स्वतःच्या फाउंडेशनमार्फत पाहिजे होता, त्यावरूनच दोघांचं वाजलं. म्हणजे हे भांडण काही दारव्हा यवतमाळचंच नाही. व्हर्जिनियातलं स्वीट ब्रायर तर 2015 च्या मार्चमध्ये बंद करतो म्हणून जाहीरच केलं होतं, जुन्या विद्यार्थिनी स्वतंत्र संघटित होत्या म्हणून निधीही उभा राहिला, कोर्टातही टिकाव लागला, जूनमध्ये तडजोड झाली आणि कॉलेज आजही चालू आहे. संघटना प्रशासनाच्या खिशात असती तर कोण लढलं असतं? म्हणून मंडळ वेगळंच ठेवा, विलीन करा म्हटलं तरी करू नका.

मलाही द्यायचंय काही. माझा पासपोर्ट भारताचाच आहे म्हणून अडचण नाही, पण ज्या मैत्रिणींनी इकडचं नागरिकत्व घेतलं त्यांचे पैसे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याच्या, परवानगीशिवाय घेऊ नका बरं.

---

काळा कोट वणी

बरोबर बोलल्या ताई. विद्यापीठाशी बोलणं मात्र तोडू नका. लेखी करार मागा, मुलींच्या होस्टेलचा निधी वेगळ्या शीर्षात, वर्षाचा हिशोब मंडळाला, आणि खर्च ठरवायच्या समितीत मंडळाच्या दोघी. नाही ऐकलं तर विद्यापीठाच्या सिनेटवर, म्हणजे अधिसभेवर, पदवीधरांमधून 10 जण निवडून जातात, त्यातल्या कोणाला तरी गाठा आणि प्रश्न टाकायला लावा. तुमच्या ग्रुपमधल्या किती जणींनी पदवीधर मतदार म्हणून नाव नोंदवलंय? शेकड्यानं बाया असतील तर उमेदवार स्वतःच तुमच्याकडे येईल.

---

दारव्ह्याची ताई

मतदार नोंदणीचं कोणाच्याच डोक्यात नव्हतं, आजच ग्रुपवर टाकते. नोंदणीसाठी सात जणींची नावं या रविवारी ठरवतो, त्यात दोन शेतीवाल्या राहतीलच, हे मी आधीच सांगून ठेवलंय सगळ्यांना. बाथरूमच्या पैशाचा अर्ज खजिनदार ताईच्या नावानं टाकतो. काका, मसुदा इथं टाकला तर पाहून द्याल का?

---

निवृत्त, लेखा विभाग

टाका, पण रकमेचा आकडा आणि नावं काढून टाका. आवक क्रमांक अर्जात नक्की घाला, त्याच्याशिवाय फाइल सापडत नाही म्हणतात.