जुन्या हार्वेस्टरला गाडीचं इंजिन बसवायचं आहे, कोणतं घेऊ?

मळणीवाला:
माझ्याकडे मॅसी-हॅरिसचं २१ नंबरचं जुनं हार्वेस्टर आहे. मूळ इंजिन क्रायस्लरचं, सहा सिलिंडरचं, साइड व्हॉल्व्ह (झडपा सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्येच). थंडीत पाणी सोडायचं राहिलं, आत बर्फ झाला आणि ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागाला, हातभर तडा गेला. एकदा दुरुस्त करून घेतला, पण गरम झाला की पाणी पुन्हा तेलात उतरतं. बाकी यंत्र ठणठणीत आहे. ते शोभेला ठेवायचं नाही, दरवर्षी थोडा गहू त्यावरच काढायचा आहे. समोर दोन पर्याय आहेत: मोडीतल्या गाडीचं क्रायस्लर स्लँट सिक्स (कललेलं, सहा सिलिंडरचं, २२५ घनइंची), किंवा एक मोठं व्ही-८. गाडीचं इंजिन दिवसभर एका वेगानं ओढेल का?

तेलकट हात:
व्ही-८ चा विचार सोडा. जागा पुरणार नाही आणि पेट्रोल भरता भरता जीव जाईल.

पण स्लँट सिक्सच्या आधी एक काम करा. तुमच्या सिलिंडर हेडची, म्हणजे ब्लॉकवरच्या झाकणाची, लांबी मोजा. हे साइड व्हॉल्व्ह इंजिन दोन मापांच्या ब्लॉकमध्ये निघायचं, हेड साधारण २३ इंच किंवा २५ इंच. अमेरिकेतल्या डॉज-प्लिमथमध्ये २३, क्रायस्लर-डिसोटोमध्ये २५. त्याच मापाचं गाडीतलं इंजिन मिळालं तर त्याचा ब्लॉक घ्या. गव्हर्नर (वेग आपोआप सांभाळणारा भाग), मॅनिफोल्ड (हवा-धुराच्या नळ्या), पुढचे-मागचे माउंट शक्य तितके तुमचेच लावा. १९४४ साली अमेरिकेत ५०० यंत्रं कापणी करत उत्तरेकडे सरकली, ती हीच २१ नंबरची. यंत्राला साजेसं इंजिन आहे, उगाच बदलू नये असं मला मनापासून वाटतं.

मळणीवाला:
हेड उद्या मोजतो. नाहीच मिळालं तर स्लँट सिक्सची ताकद पुरेल ना? माहितीपत्रकात १४५ अश्वशक्ती लिहिली आहे.

गव्हर्नर:
तो आकडा मिनिटाला ४००० फेऱ्यांचा आहे, तोही पंखा-डायनॅमो न जोडता घेतलेला. तुम्ही तिथवर कधीच जाणार नाही. टॉर्क (फिरवण्याचा जोर) बघा: २४०० फेऱ्यांना २१५ पाउंड-फूट. २१५ गुणिले २४०० भागिले ५२५२ (अश्वशक्ती काढायचा ठरलेला भाजक), म्हणजे सुमारे ९८ अश्वशक्ती. दिवसभर सलग चालवायचं तर त्यातली साठ-पासष्टच हिशेबात धरा. मूळ इंजिनाचा वेग पाटीवर वाचा. समजा तो १८०० असला आणि नवं इंजिन २४०० ला ठेवलं, तर इंजिनाकडची पुली पाऊणपट व्यासाची करावी लागेल. फार लहान पुलीवर पट्टा घसरतो, हे ध्यानात ठेवा.

खरा प्रश्न ताकदीचा नाही, गव्हर्नरचा आहे. गाडीत वेग पाय सांभाळतो. हार्वेस्टरमध्ये दाट पीक मळणीच्या ड्रममध्ये शिरलं की क्षणात भार वाढतो. फेऱ्या पडल्या की वॉकर (काड हलवून दाणे झाडणारे भाग) मंदावतात आणि दाणे काडाबरोबर मागे जातात. पंखा मंदावला की कोंडा टाकीत येतो. भार हलका झाला की उलट ड्रम सुसाट सुटतो आणि दाणा फुटतो. हाताच्या थ्रॉटलनं हे जमत नाही, कितीही सवय असो. फिरत्या वजनांचा, पट्ट्यावर चालणारा गव्हर्नर कार्ब्युरेटरला जोडा.

आणि कृपा करून हे वाचाच: त्या गव्हर्नरचा पट्टा तुटला की वजनं मिटतात, त्याला वाटतं इंजिन मंदावलंय, आणि तो थ्रॉटल पूर्ण उघडतो. इग्निशन तोडणारं बटण बसल्या जागेवरून हाताशी हवंच.

कोंडाझाड:
स्लँट सिक्स बसवणार असाल तर माझं ऐका. ते इंजिन ३० अंश कललेलं असतं आणि आत घेणारा व बाहेर सोडणारा, दोन्ही मॅनिफोल्ड वरच्या अंगाला. म्हणजे तापलेल्या लोखंडावर भुसा साचायला आयती खोबण. माझ्या एका यंत्रात तिथेच धूर निघाला होता, अग्निशामक जवळ होता म्हणून वाचलो. वर पत्र्याचं झाकण करा आणि दर दोन तासांनी यंत्र बंद करून झाडा.

गाडीचं रेडिएटरही नको. ते धावत्या गाडीच्या वाऱ्यावर बेतलेलं असतं; हार्वेस्टर माणसाच्या चालीनं जातं, वर जाळी कोंड्यानं बुजते. तुमचं मूळ रेडिएटरच साफ करून ठेवा. हवेचा फिल्टरही उंच नळीवर, धुळीच्या वर न्या. आणि पेट्रोल बिनशिशाचं असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट कडक धातूच्या बसवून घ्या. सलग भाराखाली मऊ सीट झिजत आत जातात.

मळणीवाला:
हेड मोजलं. २५ इंच भरलं. आता आधी त्याच मापाचा ब्लॉक शोधतो. स्लँट सिक्सवाल्याला थांबायला सांगितलंय. गव्हर्नरच्या पट्ट्याची गोष्ट मला माहीतच नव्हती, बटणाची वायर आजच ओढून घेतली.

तेलकट हात:
ब्लॉक बघायला जाल तेव्हा घेण्याआधी डिस्ट्रिब्युटरच्या (ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) बाजूची, पाण्याच्या वाटेवरची लहान झाकणं आणि मागचे प्लग तपासा, गंज तिथे आधी दिसतो. आणि हेड उतरवूनच घ्या. तडे बहुतेक व्हॉल्व्हच्या सीटपासून सिलिंडरकडे जातात, वरून दिसत नाहीत.