मदत हवी आहे: जपानीत 'पाप' कसं समजवायचं?

नमस्कार मंडळी, मी वसईची, मिशनरी म्हणून नागासाकीत येऊन आठ महिने झाले. इथे कोणाला चांगली जपानी येते का? क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं म्हणून आधी वाटलं सोप्पंय, पण धर्मशिक्षणाचा तास घ्यायला लागले आणि वाट लागली.

परवा मुलांना 'देव आपल्यावर प्रेम करतो' सांगत होते, 'कामी' (देव) म्हणताना सूर पहिल्या अक्षरावर चढायला हवा, माझा दुसऱ्यावर चढला, म्हणजे झाला कागद! एका पोराने लगेच वहीला हात जोडले, सगळा वर्ग खो खो. आता मी गुपचूप आदराचं 'सामा' जोडून 'कामीसामा'च म्हणते.

पण खरी अडचण 'त्सुमी'ची, पाप आणि गुन्हा दोन्हीला तोच शब्द. एक आजी येतात, आल्या की पिशवीतून संत्री काढून माझ्यापुढे ठेवतात, त्या हळूच म्हणाल्या, मी तर कधी पोलीस चौकीची पायरी चढले नाही हो. मी नुसती हसले, काय बोलणार!

(गोव्याहून निघून १५४९ला जपानात पोचलेल्या फ्रान्सिस झेवियरनेही देवासाठी आधी 'दाइनिची' वापरलं, तो निघाला बुद्ध, मग लॅटिन 'देउस'वरून 'देउसु' केलं. तेवढाच दिलासा.)

तर पाप साध्या बोलीत कसं सांगू, रोजच्या जगण्यातलं उदाहरण चालेल. आणि देवाबद्दल बोलताना आदरार्थी क्रियापदं पाठ करायची काही युक्ती? रविवारी परत तास आहे, आजी नक्की येणार.