'कोर्ट कशाला, चौकात गोळी घाला' म्हणणाऱ्यांना उत्तर

पैरवीवाला, अंबाजोगाई
काल गेवराईकरांनी इथं लिहिलं की त्यांच्या नात्यातल्या खुनात सगळे आरोपी निर्दोष सुटले, म्हणजे कोर्ट विकलं गेलं, आता हैदराबादसारखं करा. खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ते वाचून झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मी सेशन कोर्टात पैरवी हवालदार होतो. समन्स बजावायचं, साक्षीदार उभा करायचा, मुद्देमाल मांडायचा. केस कुठं मरते ते रोज बघितलंय. एका खुनात कोयता जप्त होता. लाखेचं सील नीट, पण लेबलवर पंचांची सहीच नाही. पंच म्हणजे ठाण्यासमोरच्या हॉटेलात चहा पीत बसलेला म्हातारा. साक्षीत पंचनामा दाखवल्यावर म्हणाला, "सही माझी हाय साहेब, पण कागद कोरा होता." सरकारी वकिलांनी त्याला फितूर घोषित करून उलटतपास घेतला. उपयोग शून्य. निकाल लागला त्या दिवशी लोक जजला शिव्या देत घरी गेले. त्या कोऱ्या कागदावर सही घेणाऱ्याला कुणी शिवी दिली नाही.

आणि हैदराबाद म्हणता? डिसेंबर २०१९ ची ती चकमक, डॉक्टर तरुणीच्या बलात्कार-खुनातले चार आरोपी पोलिसांनी गोळ्या घालून मारले ती. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. सिरपूरकर आयोगाने २०२२ मध्ये सांगितलं की पोलिसांची कहाणी विश्वास ठेवण्याजोगी नाही, गोळ्या जीव घ्यायच्या इराद्यानेच झाडल्या, आणि चारपैकी तिघे तेव्हा अल्पवयीन होते. खटलाच चालला नाही, मग गुन्हा त्यांनीच केला हे सिद्ध कुठं झालं?

गेवराईकर
साहेब, तुमचा चुलतभाऊ नव्हता ना तो. आमच्या घरात त्याचा फोटो लावलाय आणि मारणारे त्याच रस्त्याने बुलेटवर जायलेत. तुम्ही मला आयोगाचे अहवाल शिकवायलेत. ज्यांनी डोळ्यांनी बघितलं त्यांनी कोर्टात सांगितलं, आम्ही शेतात होतो. पैसा खाल्ला त्यांनी, आणखी काय?

पैरवीवाला, अंबाजोगाई
पैसा असेल, भीतीही असेल. नगर जिल्ह्यातल्या खर्ड्याचं आठवा. नितीन आगेचा २०१४ चा खून, २०१७ ला सगळे सुटले, साक्षीदार उलटले म्हणून. तिथं काय सगळ्यांना पैसेच दिले होते? गावात राहायचं असतं हो माणसाला.

मुकादमाचं पोरगं, धारूर
भीती, पैसा सोडा. खरं कारण कुणी बोलायलंच नाही. आमच्या वस्तीवरचा एक जण मारामारीत साक्षीदार होता. दिवाळी झाली की तो कोल्हापूरकडं ऊस तोडायला. समन्स घरी आलं, दाराला कुलूप. शिपायाने शेरा मारला, 'मिळून आला नाही'. मग वॉरंट. उन्हाळ्यात परत आला तर पोलिसांनी उचलला, आरोपीसारखा. माणूस म्हणतो, मी बघितलं हेच चुकलं. पुन्हा तो कुणाच्या भांडणात डोळे उघडेल का?

जालन्याचा रहिवासी
अगदी! आणि गेला तरी काय? सकाळची एसटी पकडा, दिवसभर पुकाऱ्याची वाट बघा, संध्याकाळी कळतं साहेब रजेवर. हजेरी बुडाली. भत्ता म्हणून काही मिळत असेल तर मला आजवर दिसला नाही.

पैरवीवाला, अंबाजोगाई
भत्त्याची तरतूद कायद्यात आहे. कोर्टात अर्ज द्यावा लागतो.

जालन्याचा रहिवासी
तरतूद! अंगठा लावणाऱ्या माणसाने अर्ज लिहायचा कुणाकडून? बाहेरच्या टायपिंगवाल्याला द्यायचे पैसे भत्त्यापेक्षा जास्त होतात. तुम्ही हवालदार होतात तेव्हा किती जणांना आपणहून सांगितलंत?

पैरवीवाला, अंबाजोगाई
ज्याने विचारलं त्याला सांगितलं. आणि कित्येकांना माझ्या डब्यातली भाकरी दिली. माझ्यावर घसरायचं कारण नाही.

मुकादमाचं पोरगं, धारूर
मामा, रागावू नका. पण भाकरी देणं वेगळं आणि हक्क देणं वेगळं. तोडणीवरच्या माणसाची साक्ष कारखान्याच्या तालुक्यातून व्हिडिओवर का होत नाही? नव्या कायद्यात आहे म्हणतात.

वकीलताई, लातूर
आहे. १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यात दृक्‌श्राव्य माध्यमातून साक्ष घेता येते. आमच्याकडे अडचण वेगळीच, ऐन साक्षीच्या वेळी आवाज जातो आणि कोर्ट पुढची तारीख देतं. तरी मी मागणी करतेच, सगळ्या वकिलांनी करायला हवी.

साक्षीदार उलटतात त्याचं मूळही सांगते. पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत, कायदाच तसा आहे. म्हणून तो सहज म्हणतो, मी असं बोललोच नाही. आता दहा वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी साक्षीदाराला मॅजिस्ट्रेटपुढे नेलं तर तो जबाब शपथेवर नोंदवणं बंधनकारक आहे. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक पथकाने जागेवर जायचंय. हे मनापासून राबवलं तर कोऱ्या कागदावरचे पंच कमी होतील. पण सीएचा, म्हणजे रासायनिक तपासणीचा अहवालच महिनोन्‌महिने आला नाही तर पथक जाऊन काय करणार?

गेवराईकर
म्हणजे ताई, यंत्रणा सडलीय हे तुम्हीच कबूल करायल्यात. मग गोळी म्हणालो तर माझं काय चुकलं?

वकीलताई, लातूर
कोऱ्या कागदावर सही घेणाऱ्याच्याच हातात तुम्ही पिस्तूल द्यायला निघालात, हे चुकलं. परभणीत डिसेंबर २०२४ ला कायद्याचं शिक्षण घेणारा एक तरुण न्यायालयीन कोठडीत असताना मेला. पोलिसांवर गुन्हा नोंदवा, हे सांगायला शेवटी उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला यावं लागलं. माझ्या एका अशिलाला जामीन झाला, पण सातबारा असलेला जामीनदार मिळेना. जमीनच नाही तर सातबारा आणायचा कुठून? तो हर्सूलच्या तुरुंगातच राहिला, आणि शेवटी निर्दोष ठरला. तुमच्या नियमाने तो पहिल्या आठवड्यातच मेला असता. त्याची आई आजही माझ्या ऑफिसात येते.

गेवराईकर
ठीक. त्या पोराचं मान्य करतो. प्रत्येक धरलेला माणूस गुन्हेगार नसतो, इथपर्यंत येतो मी. पण माझ्या भावाचं काय? सरकारी वकील म्हणाले, अपील करायचं की नाही ते वरून ठरेल. वरून म्हणजे कोण? वर्षभर घरी बसू का?

वकीलताई, लातूर
बसू नका. निर्दोष सुटकेविरुद्ध पीडिताला स्वतः अपील करता येतं, सरकारच्या होकाराची गरज नाही. २००९ च्या दुरुस्तीने हा हक्क आला आणि नव्या संहितेतही आहे. कायद्याच्या व्याख्येत मयताचे पालक किंवा वारस येतात, त्यामुळे भावाच्या बायकोच्या किंवा आई-वडिलांच्या नावाने संभाजीनगरला खंडपीठात दाखल करा. वहिनींना विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो, बाईला उत्पन्नाची अट नाही. मुदतीचा प्रश्न येतो, म्हणून निकालाच्या नकलेसाठी उद्याच अर्ज टाका.

पैरवीवाला, अंबाजोगाई
आणि नुसत्या निकालाची नको, सगळ्या साक्षींची आणि पंचनाम्यांची नक्कल मागा. कोण नेमकं कुठं उलटलं ते त्यात दिसेल. नकलेच्या खिडकीवर अडवलं तर मला कळवा, मी येतो सोबत.

गेवराईकर
वहिनीला विचारतो. पण गोळीचं मी मागं घेतलेलं नाही, तेही लिहून ठेवा.