खिडकी घालवा, अपडेट बंद करू नका

टिळकवाडीकर
काल इथं एकानं विंडोज १० च्या मशीनवर ‘विंडोज ११ घ्या’ म्हणत येणारी खिडकी घालवायचा उपाय दिला: सर्व्हिसेसमध्ये जा, विंडोज अपडेट डिसेबल करा, कटकट मिटली. खाली सगळ्यांनी वा वा केली. मला राहवलं नाही.

सेटिंग्जच्या सिस्टिममध्ये नोटिफिकेशन्स उघडा. तिथं टिप्स, सजेशन्स आणि ‘फिनिश सेटिंग अप’ यांच्यापुढं खुणा असतात, त्या काढा. अपडेटच्या पानावर ‘स्टे ऑन विंडोज १० फॉर नाऊ’ दाबा. खिडकीचा त्रास बहुतेक तिथंच कमी होतो. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण त्याच पानावर ‘एनरोल नाऊ’ आहे. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सेटिंग्ज सिंक केल्या तर पैसे न भरता १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. सर्व्हिसच बंद केलीत की त्याही गेल्या.

शहापूर छापखाना
तो सल्ला माझाच, आणि परत देणार. तुम्हाला काय ओ, मेल बघायचं नि मशीन बंद करायचं. माझं पोट डीटीपीवर, म्हणजे मशीनवर पत्रिका-पुस्तकांची मांडणी करण्यावर आहे. ऐन लग्नसराईत भाच्यानं त्या खिडकीवर ‘हो’ दाबलं. रात्रभर मशीन फिरत राहिलं. सकाळी मांडणीचं जुनं सॉफ्टवेअर उघडेना, आणि पत्रिकेसाठी नवरीचे वडील समोर खुर्चीत बसलेले. त्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्या सांगू काय?

जांबोटी रोड
आमच्याकडं पावसात करंट कधी जाईल नेम नाही. अपडेट अर्ध्यावर आणि अंधार, असं दोनदा झालंय. शिवाय नेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट. मी त्या वायफायला ‘मीटर्ड कनेक्शन’ करून ठेवलंय, मोठं काही आपसूक उतरत नाही. सर्व्हिसला हात लावलेला नाही.

टिळकवाडीकर
छापखानावाले, मे २०१७ आठवा. वॉनाक्राय, ते फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं व्हायरस, आलं तेव्हा दुरुस्ती मार्चमध्येच निघालेली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती त्यांच्या मशीन अडकल्या, आंध्र पोलिसांच्यासुद्धा. कुणी काही क्लिक न करता ते एका मशीनवरून दुसऱ्यावर जात होतं. तुमच्याकडं तर दिवसभर गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह येतात.

अनगोळची शिक्षिका
मूळ दुखणं अपडेटचं नाहीच. जुने फाँट धरून बसल्याचं आहे. छापखान्यातलं मांडणीचं सॉफ्टवेअर पेजमेकर, त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची, त्याला युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसेल अशी अक्षरांची पद्धत, येत नाही. मी शाळेच्या स्मरणिकेचा मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून देते आणि छापखान्यात तो पुन्हा पहिल्यापासून टाइप करतात. दरवर्षी नव्या चुका. मागच्या खेपेला ‘सुऱ्या’चं ‘सुर्या’ झालं आणि पालकांनी मला विचारलं!

शहापूर छापखाना
ताई, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड अशी पत्रिका एका रात्रीत लावून बघा, मग बोला. वीस वर्षांच्या फाइली आहेत. घराण्यांची नावं, कुलदैवतं, सगळं जुन्या फाँटात. युनिकोड केलं की ते परत कोण टाइप करणार, तुम्ही?

निपाणीकर
ताईंचं बरोबर आहे. जुन्या फाँटातल्या फाइली तो फाँट नसलेल्या दुसऱ्या मशीनवर उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरं नि चिन्हं दिसतात. वडिलांनी जमवलेली आमच्या गल्लीच्या गणपतीची वर्गणी-यादी अशीच गेली. फाइल आहे, वाचता येत नाही. ते मशीन उद्या बसलं तर तुमची वीस वर्षं कुठं जाणार?

शहापूर छापखाना
माझ्या धंद्याची काळजी मी करतो. प्रत्येकानं येऊन शहाणपण शिकवायचं कारण नाही.

टिळकवाडीकर
कुणी शिकवत नाही हो. डीटीपीचं मशीन नेटपासून तोडा, तिथं जुनं सगळं राहू दे. एवढं मी मान्य करतो, तुमच्या कामाला विंडोज ११ नकोच. पण बिलं आणि बँकेचं काम त्याच मशीनवर करता काय?

शहापूर छापखाना
करतो. दुसरं मशीन आहे, मुलगी अभ्यासाला वापरते.

टिळकवाडीकर
मग बँक तिकडं न्या. आणि त्या मशीनवर तरी सर्व्हिस चालू करा.

शहापूर छापखाना
पेनड्राइव्हचं तेवढं पटलं, म्हणून करतो. युनिकोडचं पटलेलं नाही, तो विषय पुन्हा काढू नका. मुलीच्या मशीनवर आत्ताच बघितलं, ‘एनरोल नाऊ’ दिसत नाही.

जांबोटी रोड
विंडोज १० ची आवृत्ती २२एच२ आहे काय बघा. त्याच्या आधीची असेल तर दिसत नाही.