भुंगा, भुंगेरा की आणखी काही? टेकडीवरच्या सहा ठिपक्यांच्या किड्यासाठी शब्द हवा

कोथरूडहून

रविवारी सकाळी आम्ही काही जण मुलांना घेऊन वेताळ टेकडीवर जातो. मृगाच्या सरी पडून गेल्यावर खाणीकडच्या वाटेवर एक मोठा काळा किडा पळताना दिसला. लांबी चार सेंटिमीटरच्या आसपास, अंगावर सहा पांढरे ठिपके: दोन डोक्यामागच्या भागावर, चार पाठीवर. इंग्रजीत या घराण्याला 'ग्राउंड बीटल' म्हणतात. मुलांसाठीच्या टिपणात मी 'जमिनीवरचा भुंगा' असं लिहिलं. त्यावर आठ वर्षांच्या एका मुलीने विचारलं, "मावशी, भुंगा आहे तर गुणगुणत का नाही?" मला उत्तर सुचलं नाही. बरोबर शब्द कोणता?

औंधहून

ताई, त्या मुलीचं बरोबर आहे. भुंगा म्हटलं की मराठी माणसाला आधी आवाज आठवतो. 'डोक्यात भुंगा शिरला' किंवा 'मागे भुंगा लावला' हे आपण त्या गुणगुणीवरूनच म्हणतो. हा शब्द संस्कृत 'भृंग'वरून आला. जुन्या साहित्यातला भृंग किंवा भ्रमर म्हणजे तुम्ही म्हणता तो बीटल नव्हे. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायातला दृष्टान्त आठवा: भ्रमर वाटेल तसलं कोरडं लाकूड भेदतो, पण कोवळ्या कळीत अडकून पडतो. लाकडात गोल भोक पाडून घर करणारा आणि फुलांवर येणारा, म्हणजे आपल्या वाशांना भोकं पाडणारी ती मोठी काळी माशी. ती मधमाशीच्या नात्यातली. ज्ञानेश्वरांनी ते किती नेमकं पाहिलं होतं, याचं मला अजून नवल वाटतं.

पुढे बोलीत भुंगा सैल झाला हे खरं. कोकणात नारळावरच्या किडीला गेंड्या भुंगा आणि सोंड्या भुंगा म्हणतात, आणि ते दोन्ही बीटलच. तरी मुलांना शिकवताना मी 'भुंगा' टाळीन.

मांजरीहून

आमच्याकडे सरळ शब्द आहे, भुंगेरा. अनेकवचन भुंगेरे. पण त्यात एक अडचण सांगतो. शेतकऱ्याला भुंगेरा म्हटलं की हुमणी आठवते. वळवाचा पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघतात, कडुनिंबावर, बाभळीवर बसतात. आम्ही फांद्या हलवून ते गोळा करतो, प्रकाश सापळे लावतो, रॉकेलच्या पाण्यात टाकतो. नाही टाकले तर त्यांच्या अळ्या उसाची मुळं खातात. तेव्हा पाटीवर नुसतं 'भुंगेरा' लिहिलंत तर आमच्यातला कुणीही तो चिरडून टाकील.

तुम्ही सांगता तो मी बांधावर पाहिलेला आहे. तो पिकाला तोंड लावत नाही, दुसरे किडे धरून खातो. म्हणजे मित्रकीटक. 'ढालकिडा' हे नाव मात्र सुचवू नका, ते मावा खाणाऱ्या ठिपक्यांच्या छोट्या लाल किड्याला आधीच दिलेलं आहे.

कोथरूडहून

दादा, हे फार कामाचं सांगितलंत. शत्रूचं नाव मित्राला चिकटू नये. मग 'रानभुंगेरा' कसा वाटतो? जंगलातला म्हणून.

औंधहून

'रान' जपून वापरावं लागतं. रानडुक्कर, रानमांजर, रानकेळ या शब्दांत पाळीव किंवा लावलेल्या जोडीदाराशी तुलना असते. पाळीव भुंगेरा कुठे आहे? शिवाय देशावर 'रानात गेलाय' म्हणजे शेतात गेलाय. युरोपात एका जातीचं नाव काराबुस नेमोरालिस आहे, लॅटिन 'नेमुस' म्हणजे वनराई. तिथे 'वन' शोभतं. आपला हा माळावरचा आणि झुडपांतला.

पाषाणहून

मी कीटकशास्त्र शिकते. काकांना आणि दादांना धरूनच थोडं पुढचं सांगते, कारण शब्द ठरवायला शरीर पाहावं लागतं.

बीटलांच्या गणाला आपल्या परिभाषेत 'ढालपंखी' म्हणतात. ग्रीक शब्दात मात्र म्यान आहे, म्हणजे 'म्यानपंखी'. पुढचे दोन पंख कडक होऊन पाठीवर झाकण होतात आणि उडायचे नाजूक पंख त्यांच्याखाली घडी घालून राहतात. या सहा ठिपकेवाल्यात ती झाकणं एकमेकांना जुळून गेली आहेत. त्याला उडताच येत नाही, म्हणून गुणगुण नाही. त्या मुलीला हेच उत्तर द्या, ताई.

बाकीचं अंगही पळण्यासाठी आणि धरण्यासाठी आहे. पाय लांब, पावलाला पाच पेरं, पुढे आलेले दणकट जबडे, मिशांना अकरा पेरं. पोट वर करून पाहिलं तर मागच्या पायांची मुळं पोटाच्या पहिल्या पट्टीला दुभागतात. या मोठ्या शाखेची हीच खूण. कुळात सुमारे ४०,००० जाती आहेत.

टिपणात 'प्रजाती' लिहिलं असेल तर तेही बघा. वर्तमानपत्रांत प्रत्येक जातीला प्रजाती म्हणतात, पण शास्त्रीय परिभाषेत प्रजाती ही वरची पायरी. इथे अँथिया ही प्रजाती आणि अँथिया सेक्सगुट्टाटा ही जाती. फाब्रिसियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने १७७५ साली तिचं वर्णन केलं, तेव्हा ती काराबुस प्रजातीत टाकली होती. लिनिअसच्या या शिष्याने दिलेल्या नावात 'गुट्टा' म्हणजे थेंब. सहा थेंबांचा!

आणि कृपा करून मुलांना तो हातात धरू देऊ नका. मागच्या टोकाकडून तो फॉर्मिक आम्लाचा फवारा मारतो. डोळ्यात गेला तर फार आग होते.

मांजरीहून

थेंब छान आहे. आमच्या ठिबकमधून पडतो तो थेंब आणि त्याच्या पाठीवरचा ठिपका, कानाला शेजारचेच वाटतात.

औंधहून

मग माझी सूचना ऐका. 'भुई' घ्या. भुईमूग, भुईआवळा, भुईरिंगणी, भुईकोट: जे जमिनीला धरून आहे, त्याला आपण कधीपासून भुई जोडत आलो आहोत. भुईकोट म्हणताच हा डोंगरावरचा किल्ला नाही हे कळतं, तसं भुईभुंगेरा म्हणताच हा झाडावर बसणारा, दिव्यावर येणारा नाही हे कळेल. दादांची भीतीही कमी होईल.

मांजरीहून

भुईभुंगेरा चालेल. तोंडात बसतो. फक्त खाली 'पिकाचा मित्र' हे लिहाच.

कोथरूडहून

टिपण बदललं. आता असं आहे: "सहा थेंबांचा भुईभुंगेरा. उडत नाही, पळतो. दुसरे किडे खातो, पिकाचा मित्र. लांबून पाहा, उचलू नका."

एक शब्द अजून अडला आहे. त्याच्या पिल्लाला मी 'अळी' लिहिलं होतं. पण पाषाणच्या ताई, या कुळातली पिल्लंही सहा पायांवर धावत शिकार करतात ना? अळी म्हटलं की मुलांना पानावरची मऊ, संथ अळी दिसते. दादा, हुमणीसारखा वेगळा शब्द तुमच्याकडे याच्या पिल्लालाही आहे का?